कागदाचें वस्त्र

श्रोतेहो, आज मी ज्या वस्त्राविषयीं बोलणार आहें, तें सुताचें नाहीं, लोंकरीचें नाहीं आणि रेशमाचेंहि नाहीं. तें कागदाचें आहे. कागद अंगावर घालावयाचा ही कल्पना प्रथमदर्शनीं हास्यास्पद वाटेल. परंतु थोडा विचार केला, तर ती आपणांस अगदींच परकी नाहीं असें दिसून येईल. आपल्या लग्नांतील बाशिंग आठवा. रंगीत कागद, पुठ्ठा आणि बेगड यांवांचून त्यांत दुसरें काय असतें? पण तें कपाळीं चढलें, कीं काल गल्लींत विटीदांडू खेळणारा पोरगा आज नवरदेव होतो, आणि घरांतील वडील माणसेंहि त्याच्यापुढें अदबीनें वागूं लागतात. कागद तोच; परंतु तो अंगावर चढतांच माणूस कोण आहे हें तो बोलूं लागतो.

ह्या विषयाकडे मी वळलों त्याला एक कारण घडलें, आणि तें सांगतांना मला थोडा संकोच वाटतो. माझा सर्व जन्म शाळामास्तरकींत गेला. मुलांना गणित आणि इतिहास शिकविला. एके वर्षीं तिमाही परीक्षेच्या उत्तरपत्रिका वर्गांत वाटल्या, आणि मी फळ्याकडे वळलों, तों पाठीमागें हंशा पिकला. वळून पाहतों, तर शेवटच्या बांकावरील एक मुलगा उभा. त्यानें आपल्या गणिताच्या उत्तरपत्रिकेची टोपी करून डोक्यावर घातली होती. घडी अशी बेतानें घातलेली, कीं मी तांबड्या शाईनें लिहिलेला साताचा आंकडा बरोबर कपाळावर यावा. शंभरांपैकीं सात. मुलगा नवरदेवासारखा गंभीर चेहरा करून उभा होता. मला तो माझा अपमान वाटला. मी टोपी हिसकावून घेतली, फाडली आणि त्याला तासभर उभा केला. तो रडला नाहीं. एवढेंच म्हणाला, "गुरुजी, ती माझी होती." त्या वाक्याचा अर्थ त्या वेळीं मला कळला नाहीं. उत्तरपत्रिका शाळेची, शाई माझी, मग त्याचें त्यांत काय होतें?

ह्या गोष्टीला पुष्कळ वर्षें लोटलीं. मी निवृत्त झालों. माझा दुसरा एक जुना विद्यार्थी व्यापाराच्या निमित्तानें जपानांत जाऊन आला, आणि येतांना त्यानें माझ्याकरितां एक लहानसें पाकीट आणलें. हाताला तें मऊ कातड्यासारखें लागलें. सुरकुत्या बारीक, रंग तांबूस, वजन जवळजवळ नाहींच. मी म्हटलें, "कोणत्या जनावराचें कातडें हें?" तो हंसून म्हणाला, "गुरुजी, हा कागद आहे. ह्याचेच पूर्वीं तिकडे अंगरखे करीत." त्या अंगरख्यांना जपानी भाषेंत 'कामिको' असें म्हणतात. 'कामि' म्हणजे कागद. त्या पाकिटाच्या पाठोपाठ ग्रंथालयाच्या पायऱ्या चढून मीं जें कांहीं गोळा केलें, तें आज आपल्यापुढें ठेवीत आहें.

कागद मूळचा चीन देशाचा. इ. स. १०५ च्या सुमारास त्साइ लुन नांवाच्या दरबारी अधिकाऱ्यानें साली, चिंध्या आणि जुनीं जाळीं यांपासून कागद करण्याची कृति बादशहाला सादर केली, असें चिनी इतिहास सांगतो. त्या देशांत कागद केवळ लिहिण्याकरितां राहिला नाहीं. दहाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या एका चिनी ग्रंथांत डोंगरांत राहणारे तपस्वी कागदाचीं वस्त्रें वापरीत असल्याचा उल्लेख आहे, आणि कागदाचे थरावर थर देऊन केलेलीं चिलखतेंहि तेथील सैनिकांच्या अंगावर होतीं. जपानांत ही विद्या कोरियांतून आलेल्या दोनचो नांवाच्या बौद्ध भिक्षूनें इ. स. ६१० मध्यें नेली, अशी परंपरा आहे.

जपानी कागद आपल्या नेहमींच्या वहीच्या कागदासारखा नसतो. कोझो नांवाच्या झाडाच्या, म्हणजे कागदी तुतीच्या, फांद्या हिंवाळ्यांत तोडतात. त्यांची साल सोलून राखेच्या पाण्यांत शिजवितात आणि दांडक्यांनीं कुटतात. साल कुटली जाते, पण तिचे लांब तंतु तुटत नाहींत. ह्या कागदाचें सर्व बळ त्या लांब तंतूंत आहे. हा लगदा पाण्यांत कालवून त्यांत एका झाडाच्या मुळांचा चिकट रस घालतात. तें झाड आपल्या भेंडीच्या कुळांतलें. भेंडी चिरतांना हाताला जो बुळबुळीतपणा लागतो, तसलाच तो रस. त्याच्या योगानें तंतु पाण्यांत तळाशीं न बसतां सारखे पसरतात.

कागद झाला म्हणजे वस्त्र झालें असें नाहीं. वस्त्रासाठीं ताव एकास एक जोडून त्यांवर खळ चढवितात. ही खळ कोन्याकु नांवाच्या कंदाची. आमच्या गृहिणींना ऐकून गंमत वाटेल, कीं हा कंद आपल्या सुरणाचा अगदीं जवळचा भाऊबंद आहे. कोठें कोठें कच्च्या तेंदूवर्गी फळांचा तुरट रस लावीत, त्यानें कागदाला तांबूस रंग येई आणि पाण्यापासून थोडा बचाव होई. नंतर कागद वाळवावयाचा, हातांनीं चुरगाळावयाचा, उलगडावयाचा, पुन्हां चुरगाळावयाचा. आपण कागद चुरगाळतों तो टाकून देण्यासाठीं; तेथें तो चुरगाळीत अंगावर घेण्यासाठीं. जितका चुरगाळावा तितका तो मऊ होतो, सुरकुत्यांत हवा कोंडून राहते आणि अंगाला ऊब मिळते. अशा कागदाचे तुकडे शिवून किंवा चिकटवून अंगरखा करीत, आणि आंत कांहीं वेळां कापसाचें अस्तर घालीत.

आतां कोणी विचारील, एवढा खटाटोप कशासाठीं? त्याचें उत्तर थंडीत आहे आणि दारिद्र्यांतहि आहे. जपानांत कापसाची लागवड सर्वत्र पसरली ती सोळाव्या-सतराव्या शतकांत. त्यापूर्वीं सामान्य माणसाचें वस्त्र तागाच्या जातीच्या तंतूंचें असे. तें वस्त्र उन्हाळ्यांत सुखाचें, पण हिंवाळ्यांत त्यांतून वारा सरळ हाडांपर्यंत जाई. रेशीम श्रीमंतांचें. उत्तरेकडील हिमप्रदेशांत तर कापूस पिकतच नव्हता. कागद मात्र वारा अडवितो. त्याचे दोषहि उघड होते. विस्तवाजवळ बसण्याची चोरी, पावसाची धास्ती, आणि चालतांना होणारी एकसारखी खसखस. कागदी अंगरख्याचा माणूस दारांत येण्यापूर्वीं त्याचें वस्त्रच त्याची वर्दी देई. तेव्हां, श्रोतेहो, हें वस्त्र मुळांत गरिबाचें होतें ही गोष्ट आपण शेवटपर्यंत विसरूं नये. परंतु गरजेनें अंगावर आलेली वस्तु माणूस नुसती सोसतो असें नाहीं; तिच्यांत तो स्वतःचें कांहीं मिसळतो. ह्या एकाच कागदानें चार निरनिराळ्या माणसांची ओळख कशी सांगितली, तें आतां पाहूं.

पहिला माणूस भिक्षु. बौद्ध भिक्षूला रेशीम नको, कारण त्याकरितां असंख्य किड्यांचा जीव जातो. कागदाच्या वस्त्रांत कोणाची हिंसा नाहीं. जपानांत कागदी वस्त्राचा आद्य पुरुष म्हणून परंपरेनें शोकू ह्या साधूचें नांव घेतात. त्यानें इ. स. ९६६ मध्यें शोशा नांवाच्या डोंगरावर एंग्योजी हें मंदिर स्थापिलें. परंतु ह्या परंपरेचें जिवंत रूप पाहावयाचें असेल, तर नारा नगरांतील तोदाइजी मंदिराकडे वळलें पाहिजे. ह्या मंदिरांतील प्रचंड बुद्धमूर्तीचा नेत्रोन्मीलनाचा सोहळा इ. स. ७५२ मध्यें झाला, आणि मूर्तीच्या डोळ्यांत कुंचल्यानें बाहुली रेखण्याचा मान ज्याला मिळाला तो बोधिसेन नांवाचा भिक्षु आपल्या भारतांतून तेथें गेलेला होता. त्याच वर्षीं तेथें एक व्रत सुरू झालें. अकरा निवडक भिक्षु सर्व लोकांच्या पापांबद्दल एकादशमुख अवलोकितेश्वरापुढें क्षमा मागतात. हें दैवत आपणांसहि दूरचें नाहीं. मुंबईजवळील कान्हेरीच्या एकेचाळिसाव्या लेण्यांत त्याचीच अकरा मुखांची मूर्ति कोरलेली आहे.

हें व्रत पूर्वीं जपानी पंचांगाच्या दुसऱ्या महिन्यांत होई. आतां दरवर्षीं मार्च महिन्याच्या १ तारखेपासून १४ तारखेपर्यंत चालतें. त्याच्या आधीं कांहीं दिवस ते अकरा जण निराळे राहतात, आणि व्रतांत अंगावर घालावयाच्या वस्त्राचा पांढरा कागद स्वतःच्या हातांनीं चुरगाळून मऊ करतात. त्याच दिवसांत ते तांबड्या, पांढऱ्या आणि पिवळ्या कागदाचीं कॅमेलियाचीं फुलें करून देवापुढें ठेवण्यासाठीं सिद्ध ठेवतात. बाराव्या शतकांत, इ. स. ११८० मध्यें, लढाईच्या आगींत मुख्य मंदिर जळालें, पण व्रत चुकलें नाहीं. १६६७ मध्यें व्रत चालूं असतांना प्रत्यक्ष तें सभागृहच जळून गेलें, तरीहि क्रम मोडला नाहीं. २०२१ सालीं सर्व जगांत सांथीचा कहर असतांना एक हजार दोनशें सत्तरावी आवृत्ति पार पडली. मला ह्यांत विशेष वाटतें तें असें: हा कागद बाजारांतून शिवून तयार आणतां येणार नाहीं असें थोडेंच आहे? परंतु दुसऱ्यांच्या अपराधाची क्षमा मागावयास जो उभा राहणार, त्यानें आपलें वस्त्र आपल्या हातांनीं मऊ करावें. तेथें हाताचें काम हीच व्रताची पहिली पायरी आहे.

दुसरा माणूस योद्धा. सोळाव्या शतकांत जपानांत सरदारांच्या यादवीचा धुमाकूळ होता. त्या काळचा एक मातब्बर सेनापति उएसुगि केनशिन. जन्म १५३०, मृत्यु १५७८. त्याच्या घराण्याचा वस्त्रसंग्रह योनेझावा येथील उएसुगि देवस्थानांत जपून ठेविलेला आहे, आणि त्यांत त्याचें म्हणून सांगितलें जाणारें एक कागदी प्रावरण आहे. चिलखतावरून घालण्याचा हा बिनबाह्यांचा झगा. त्याला रेशीम मिळत नव्हतें असें मुळींच नाहीं. त्याच संग्रहांत चिनी जरीच्या मौल्यवान तुकड्यांचें ठिगळकाम केलेलें वस्त्रहि आहे. म्हणजे येथें कागद दारिद्र्याचा राहिला नाहीं. तो हलका, वारा अडविणारा, आणि इतरांहून वेगळा म्हणून त्यानें निवडलेला आहे. रणांगणावर सरदार दुरून ओळखूं यावा लागतो. ज्या वस्त्राला एक ठिणगी पुरे, तें वस्त्र घालून लढाईस उभें राहणें ह्यांत 'मला मरणाची पर्वा नाहीं' असें सांगण्याची ऐट होती कीं काय, हें मी सांगूं शकत नाहीं; पण पाहणाऱ्याच्या मनांत तो विचार आल्यावांचून राहत नाहीं.

तिसरा माणूस कवि. बाशो ह्या जगप्रसिद्ध जपानी कवीनें १६८९ सालीं, पंचेचाळिशीच्या सुमारास, आपली झोंपडी दुसऱ्यास देऊन उत्तरेच्या दुर्गम प्रदेशाची वाट धरली. प्रवास बहुतेक पायींचा. आपल्या प्रवासवर्णनांत पहिल्याच मुक्कामाला तो आपल्या सामानाची यादी देतो. नुसतें अंगाबरोबर निघावें असें मनांत होतें, पण खांद्यावर ओझें झालेंच, अशी त्याची तक्रार आहे. ह्या ओझ्यांत रात्रीच्या थंडीकरितां एक कागदी अंगरखा होता. शिवाय स्नानानंतर घालावयाचें सुती वस्त्र, पावसाचें सामान, शाई व कुंचले, आणि निरोपाच्या वेळीं मित्रांनीं दिलेल्या, टाकवत नाहींत अशा भेटवस्तु. प्रवासांत तो शिरोइशी गांवच्या किल्ल्यावरून गेला. हा गांव कागदी वस्त्राकरितां प्रसिद्ध होता, आणि त्याची गोष्ट पुढें येणार आहे. प्रवासाच्या शेवटीं, ओगाकी येथें, बाशोनें रात्रीं पांघरावयाची आपली कागदाची वाकळ एका शिष्याला देऊन टाकली, आणि त्या वाकळीविषयीं एक छोटासा गद्यलेखहि लिहिला. दूरच्या मोगामि प्रांतांत कोणीतरी ती त्याला करून दिली होती. जो मनुष्य सर्व कांहीं टाकून निघाला, त्यानें शिष्याला द्यावयाचें तरी काय? ज्या कागदाखालीं त्यानें वाटेवरच्या रात्री काढल्या, तो कागद दिला. वारकऱ्याच्या खांद्यावरील पताका ज्यांनीं पाहिली आहे, त्यांना ह्या देणग्याची किंमत सांगावयास नको.

चौथा माणूस सर्वांत निराळा, कारण तो रंगभूमीवरील आहे. ओसाका शहरांतील नायकिणींच्या वस्तींत युगिरि नांवाची एक विख्यात गणिका होती. ती १६७८ सालच्या आरंभीं वारली, आणि थोड्याच दिवसांत तिच्यावरचें नाटक रंगभूमीवर आलें. साकाता तोजुरो ह्या श्रेष्ठ नटानें त्यांत तिचा प्रियकर इझाएमोन याची भूमिका केली, आणि ती इतकी गाजली, कीं जन्मभर तो ती पुनः पुनः करीत राहिला. पुढें ह्या कथेवर अनेक नाटकें झालीं, आणि त्यांतील एक आजहि जपानी रंगभूमीवर होतें. कथा थोडक्यांत अशी: इझाएमोन सधन व्यापारी घराण्याचा मुलगा. प्रेमापायीं पैसा उधळला, डोंगराएवढें कर्ज झालें, बापानें घराबाहेर काढला. वर्षअखेरीच्या थंडींत तो तिच्या भेटीस येतो तो कागदाच्या अंगरख्यांत. दारावरचे नोकर त्या वस्त्राकडे पाहून त्याला हुसकून लावूं पाहतात. घराचा मालक मात्र ओळखतो आणि मानानें आंत नेतो.

आतां त्या अंगरख्यांतील मर्म पाहा. तो कोणत्याहि कागदाचा नाहीं. युगिरीनें त्याला पाठविलेल्या प्रेमपत्रांचा तो केलेला आहे. माणूस भणंग झाला. त्याच्यापाशीं उरलीं तीं एवढीं पत्रें. तींच त्यानें अंगावर घेतलीं. अक्षरें जगाला दिसत आहेत, जग हंसत आहे, आणि हा ऐटींत चालत आहे. आजचा नट कागदी वस्त्र घालीत नाहीं. काळ्या आणि जांभळ्या रेशमाच्या तुकड्यांवर अक्षरें भरतकामानें काढून तो देखावा करतात. परंतु पाहणाऱ्यांना अर्थ कळतो. दारिद्र्याचें चिन्ह आणि प्रेमाची सनद हीं दोन्हीं एकाच वस्त्रांत शिवलेलीं आहेत. दुसऱ्या कोणाला तें वस्त्र चोरतां आलें असतें. पण घालतां आलें नसतें.

ह्या चौघांखेरीज, जिचें नांव कोणत्याहि बखरींत नाहीं अशी एक पांचवी व्यक्ति मला महत्त्वाची वाटते. ती म्हणजे शेतकऱ्या-कोळ्यांच्या घरची स्त्री. कागदापासून आणखी एक प्रकार करीत, त्याचें नांव शिफु. ह्यांत कागद नुसता चुरगाळीत नाहींत. त्याच्या अरुंद पट्ट्या कापतात, दगडावर वळून त्यांचा दोरा करतात, त्याला पीळ देतात, आणि मग सुताप्रमाणें तो मागावर विणतात. गरिबांच्या घरीं नवा कागद कोठला? तेव्हां दुकानदाराच्या जुन्या हिशेबाच्या वह्या आणावयाच्या आणि त्यांच्या पट्ट्या कापावयाच्या. शाई पक्की असल्यामुळें अक्षरांचे काळे ठिपके विणलेल्या कापडांत ठिकठिकाणीं राहून जात. कोणाचें देणें, कोणाचें घेणें, कोणत्या सालचें तांदळाचें माप, सर्व त्या कापडांत करड्या रंगाचे कण होऊन बसलेलें. दुकानदाराच्या वहींत जिचें नांव कधींच लिहिलें गेलें नसेल, तिनें ती वहीच विणून घरच्या माणसांच्या अंगावर घातली.

हें वस्त्र मागें कां पडलें? त्याचें मुख्य कारण कापूस. जसजशी जपानांत कापसाची लागवड वाढली, तसतसा सामान्य माणूस कागद सोडून सुताकडे वळला. सूत धुतां येतें, टिकतें, खसखसत नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत वाफेच्या गिरण्या आल्या आणि उरलेंसुरलें कामहि आटोपलें. ह्या ठिकाणीं आपल्या मुलखाचाहि संबंध येतो. १८९३ सालीं मुंबई आणि कोबे ह्या बंदरांच्या दरम्यान जपानी कंपनीच्या आगबोटींची नियमित वाहतूक सुरू झाली. त्या कामीं जमशेटजी टाटा यांचा पुढाकार होता. त्या बोटींतून येथील कापूस जपानच्या गिरण्यांना जाऊं लागला. मुंबई बंदरांत येणारा कापूस म्हणजे वऱ्हाड, खानदेश आणि गुजराथ यांचा. तेव्हां शिरोइशीच्या एखाद्या म्हाताऱ्यानें आपला कागदी अंगरखा उतरवून जी सुती बंडी अंगांत घातली, तिच्यांत आपल्या काळ्या जमिनीचा एखादा धागा असणें अगदीं संभवनीय आहे. इतिहास असाच चालतो. कोणी कोणाचा शत्रु नसतो, आणि तरी एकाच्या उत्कर्षांत दुसऱ्याचा अस्त होतो.

शिरोइशी हा गांव उत्तर जपानांतील मियागी प्रांतांत आहे. काताकुरा नांवाच्या सरदारांच्या अमदानींत तेथील कागदी वस्त्रांना मोठी मान्यता होती. कापसापुढें तो धंदा बसला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत त्या गांवच्या कांहीं मंडळींनीं जुन्या माणसांना विचारून, जुने नमुने उलगडून, कागद, कामिको आणि शिफु ह्या तिन्ही गोष्टी पुन्हां उभ्या केल्या. तोदाइजीच्या भिक्षूंच्या वस्त्रांना पुष्कळ वर्षें ह्याच गांवचा कागद गेला. पुढें कागद करणारें शेवटचें घर वार्धक्यामुळें थांबलें, तेव्हां गांवांतील नागरिकांनीं एकत्र जमून तें काम हातीं घेतलें. २०१४ सालीं युनेस्को ह्या संस्थेनें जपानी हातकागदाची कला मानवजातीच्या वारशांत नोंदविली. मान मिळाला ही गोष्ट चांगली; परंतु मानपत्रानें साल कुटली जात नाहीं. त्याला थंड पाण्यांत घालावयास हात लागतात.

कागदी वस्त्राचा एक दुसरा अवतारहि जगानें पाहिला, आणि तुलनेसाठीं तो सांगतों. १९६६ सालीं अमेरिकेंतील स्कॉट ह्या कागद करणाऱ्या कंपनीनें आपल्या मालाच्या जाहिरातीसाठीं स्त्रियांकरितां कागदी झगे काढले. किंमत सव्वा डॉलर. यंत्रावर छापलेले, सर्व एकसारखे, दोन-चार वेळां घालावयाचे आणि केराच्या टोपलींत टाकावयाचे. वर्षाच्या आंत सुमारें पांच लाख खपले. इतरांनींहि नक्कल केली. दोन-तीन वर्षांत ती हौस फिटली. कागद दोन्हींकडे कागदच. पण एकीकडे माणसानें तो आपल्या हातांनीं मऊ केलेला, आणि दुसरीकडे कोणाच्याहि हाताचा स्पर्श न झालेला. पांच लाख बायकांच्या अंगावर तो चढला, आणि त्यानें त्यांच्यापैकीं एकीचेंहि नांव सांगितलें नाहीं. त्यानें कंपनीचें नांव सांगितलें.

येथें कोणी आक्षेप घेईल कीं, मास्तर, तुम्ही दारिद्र्याला उगाच शोभा आणीत आहां. ज्यांनीं हे अंगरखे घातले, त्यांतील बहुतेकांना दुसरें कांहीं मिळत नव्हतें म्हणून घातले. हा आक्षेप मला मान्य आहे. उत्तरेच्या बर्फांत कुडकुडणाऱ्या कुळाला कागद आणि कापूस यांत निवड करावयास सांगितली असती, तर त्यानें क्षणाचाहि विलंब न लावतां कापूस घेतला असता, आणि तें योग्यच झालें असतें. माझें म्हणणें एवढेंच, कीं परिस्थितीनें माणसाच्या हातीं काय दिलें ही एक गोष्ट, आणि त्यानें त्याचें काय केलें ही दुसरी. पहिल्या गोष्टींत माणसें सारखीं दिसतात. दुसऱ्या गोष्टींत तीं निराळीं होतात. भिक्षूनें त्याच कागदाची अहिंसा केली, सेनापतीनें ऐट केली, कवीनें निरोपाची भेट केली, नाटकांतल्या प्रियकरानें आपल्या नामुष्कीचेंच भूषण केलें. आणि त्या निनांवी बाईनें दुसऱ्याच्या हिशेबांतून आपल्या घरची ऊब काढली.

म्हणूनच मला पुन्हां ती टोपी आठवते. शंभरांपैकीं सात गुण ही त्या मुलाची त्या दिवसाची मिळकत होती. ती लपवावी, चुरगाळून खिशांत कोंबावी, घरीं खोटें सांगावें, असें बहुतेक मुलें करतात. त्यानें घडी घातली, आंकडा कपाळावर आणला आणि वर्गाला सांगितलें कीं, हंसावयाचें तर मी उभा आहें, समोरून हंसा. त्यांत उद्धटपणा असेल. पण उद्धटपणापेक्षां धैर्य अधिक होतें, आणि तें ओळखण्याइतका मी तेव्हां शिकलेला नव्हतों. इझाएमोनला दाराबाहेर ढकलणाऱ्या नोकरांत आणि माझ्यांत त्या दिवशीं कांहीं फरक नव्हता. घराच्या मालकाप्रमाणें ओळखून आंत घेणें हें माझें काम होतें.

त्या मुलाचें पुढें काय झालें, तें मला ठाऊक नाहीं. त्याचें नांव मला आठवतें, पण तें मी येथें घेणार नाहीं. हें भाषण कदाचित् तो ऐकत असेल, कदाचित् नसेल. ऐकत असला, तर त्याला सांगावयाचें तें एवढेंच: बाळा, ती टोपी तुझीच होती. मीं ती फाडावयास नको होती.